मुक्तीची कथा मुलांना सांगताना

जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक प्रसिद्ध केले आणि गुलामांच्या मुक्ततेसाठी झटलेल्या अमेरिकेतील सज्जनांना ते अर्पण केले. त्या झटणाऱ्यांमध्ये हॅरिएट टबमन ही स्त्री होती. पण ती स्वतःच गुलाम म्हणून जन्मलेली. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या कारखानदारी पट्ट्यातील शाळांत तिची कथा जरूर सांगावी. मात्र ती कशी सांगावयाची, याचा विचार शिक्षकांनी आधी केला पाहिजे.

हॅरिएटचा जन्म १८२२ च्या सुमारास मेरिलँड राज्यात झाला. मुकादमाने दुसऱ्या गुलामावर फेकलेले वजन डोक्यात बसल्याने तिला एकाएकी गुंगी येण्याचा विकार जन्मभर जडला. १८४९ साली ती भावांसह पळाली. भावांचा धीर खचल्याने ती माघारी आली, आणि नंतर एकटीच निघून गेली. पुढच्याच वर्षी झालेल्या कायद्याने मुक्त राज्यांतूनही फरारी गुलामांना धरून परत पाठविण्याची सोय केली. तरीही ती सुमारे तेरा वेळा परत गेली आणि सत्तरएक माणसांना सोडवून आणले. त्यांतील अनेकांना थेट कॅनडात न्यावे लागले. जुन्या चरित्रांतील तीनशेचा आकडा फुगविलेला आहे. मुलांना खरा आकडाच सांगावा. त्याने तिचे मोठेपण उणावत नाही.

तथापि, ही केवळ शौर्यकथा म्हणून सांगितली तर गुलामगिरी म्हणजे दूरदेशची आणि साखळदंडांची गोष्ट, असा मुलांचा समज होईल. वस्तुतः सह्याद्रीपलीकडे, त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यात, 'लग्नगडी' होते. लग्नासाठी सावकाराकडून घेतलेल्या थोड्या रकमेपोटी वारली नवरा-बायको आयुष्यभर त्याच्या घरी राबत. त्यांना साखळदंडाने बांधलेले नव्हते. कर्जाने आणि भयाने बांधलेले होते. पुण्यात जन्मलेल्या, कायद्याच्या पदवीधर गोदावरी परुळेकर त्यांच्यात जाऊन राहिल्या. २३ मे १९४५ रोजी झरी येथील परिषदेत वारल्यांनी वेठ न करण्याचा निर्धार केला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला पोलिसांच्या गोळीबारात पाच आदिवासी ठार झाले. पण वेठ पुन्हा रुजली नाही. ही हकिकत गोदावरीबाईंच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात आहे.

हॅरिएट आणि गोदावरीबाई यांच्यात भेद आहे, आणि तो झाकू नये. एक दास्यातून निसटली होती. दुसरी सुस्थितीतून आली होती. पण दोघींच्याही कथेत मुक्ती कोणी दान म्हणून दिलेली नाही. बांधलेल्या माणसांनी स्वतः पाऊल उचलले, तेव्हाच ती आली. मुलांच्या मनावर हेच ठसले पाहिजे.

हा प्रश्न आपल्या दाराशी आहे. या पट्ट्यातील वर्गांत मराठवाड्यातून, विदर्भातून, बिहार-उत्तर प्रदेशातून आलेल्या कुटुंबांची मुले बसतात. ऊसतोडीला वा वीटभट्टीवर 'उचल' घेऊन गेलेले एखादे नातलग त्यांतील कोणाच्या घरी असणे अशक्य नाही. प्रत्येक उचल म्हणजे वेठबिगारी नव्हे. परंतु ती फिटेपर्यंत काम सोडण्याची मुभा नसेल, तर तिचे नाव दुसरे काही असू शकत नाही. १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने असे बंधन बेकायदा ठरविले आणि त्यामागचे कर्जही रद्द केले. त्याच्या अंमलबजावणीची जबाबदारी जिल्हा दंडाधिकाऱ्यांवर, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांवर आहे.

म्हणून धडा संपल्यावर सनावळी घोकून घेण्याऐवजी शिक्षकांनी तीनच प्रश्न विचारावेत: या माणसांना नेमके कशाने बांधले होते? सुटलेली हॅरिएट परत का गेली? तिला वाटेत आसरा देणाऱ्यांनी काय धोका पत्करला? कोणत्याही मुलाला घरची परिस्थिती वर्गासमोर सांगावयास मात्र लावू नये. ज्याच्या घरी उचल आहे, त्या मुलाला लाज वाटता कामा नये. कायदा आपल्या बाजूचा आहे, एवढे त्याला कळले पाहिजे.