दिव्याचे चिन्हशास्त्र

दीपस्तंभाचा दिवा केवळ उजेड देत नाही. तो चिन्ह असतो. त्याचा रंग, झोतांची संख्या व आवर्तनाचा काळ सागरी नकाशात नोंदलेला असतो. शेजारच्या दिव्याहून तो वेगळा असल्यामुळेच नाविकाला आपले स्थान कळते. (अर्थ भेदातून निर्माण होतो, हे सोस्यूरचे सूत्र येथे आठवावे.) विझलेला दिवा निदान मूक असतो, चुकीच्या लयीत लुकलुकणारा अधिक घातक.

भारतात ही लय राखण्याचे काम दीपस्तंभ व दीपनौका महासंचालनालय करते; खर्च जहाजांकडून घेतलेल्या शुल्कातून भागतो. १९२७ च्या दीपस्तंभ अधिनियमाची जागा २०२१ मध्ये सागरी दिशादर्शन साहाय्य अधिनियमाने घेतली. बोये, रडारला उत्तर देणारे रॅकॉन, जहाजवाहतूक सेवा हे सारे ‘दीप’ या शब्दात मावेनासे झाले होते. कार्यालयाच्या नावात मात्र तो अद्याप टिकून आहे.