वाळवंटातली चिमणी आणि पाण्याचा हिशेब

सहाराच्या वाळूत राहणारी चिमणी आपल्या अंगणातल्या चिमणीची जवळची नातलग. १८२३ मध्ये लिख्टेनश्टाइन या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने तिच्या पॅसर सिम्प्लेक्स या शास्त्रीय नावातलं ‘सिम्प्लेक्स’ दिलं. मोरोक्को-मॉरिटानियापासून सुदानपर्यंत ती तुरळक आढळते. चिमणा फिकट राखाडी, गळा आणि डोळ्यांभोवतीचा भाग काळा. मादी वाळूच्याच रंगाची. या जातीची बहीण-जात मध्य आशियातल्या काराकुम आणि किझिलकुम वाळवंटांत राहते. पक्षीशास्त्रज्ञ निकोलाय झारुद्नी यांचं नाव मिळालेल्या त्या चिमणीत मादीही नरासारखीच, जरा फिकट. विणीच्या दिवसांत चिमण्याची चोच काळी होते. घरचिमणीत हा रंग टेस्टोस्टेरॉनच्या वाढीमुळे येतो.

पण मला खरं कुतूहल आहे ते पाण्याचं. वीसेक ग्रॅमचा हा जीव. शरीर जितकं लहान, तितकं वजनाच्या मानाने त्वचेचं क्षेत्र मोठं, म्हणजे ऊन जास्त लागणार आणि ओलावा लवकर उडणार. तरीही तिच्याकडे उंटासारखं खास असं काही नाही. समुद्रपक्ष्यांच्या डोक्यात मीठ बाहेर टाकणारी ग्रंथी काम करते, तीही चिमण्यांना नाही. आहे ते साधंच, पण प्रत्येक गळती थोडी थोडी बुजवलेली.

नत्रयुक्त कचरा पक्षी युरिक अ‍ॅसिडच्या रूपात टाकतात. विष्ठेतला पांढरा भाग तो हाच, आणि तो टाकायला पाणी फार कमी लागतं. मूत्रपिंडातून आलेला द्रव आतड्याच्या शेवटच्या भागात मागे सरकतो, तिथे त्यातलं पाणी पुन्हा शोषलं जातं. श्वास बाहेर जाताना नाकपुडीच्या थंड पोकळीत वाफेचा काही अंश ओलावा होऊन मागे राहतो. अन्न जळतानाही शरीरात पाणी तयार होतं: एक ग्रॅम चरबीमागे जवळपास एक ग्रॅम. कोरड्या गवतबियांवर राहणाऱ्या पक्ष्याला ही कमाई मोठी, किड्यांतला ओलावा त्याहून मोठा.

सर्वांत सुंदर पुरावा मात्र घरचिमणीने दिला. मुनोझ-गार्सिया आणि जोसेफ विल्यम्स या संशोधकांनी सौदी अरेबियातल्या आणि अमेरिकेच्या ओहायोतल्या घरचिमण्या तपासल्या. वाळवंटातल्या चिमण्यांच्या त्वचेतून सुमारे पाव हिस्सा पाणी कमी उडत होतं. त्वचेच्या वरच्या थरात सेरामाइडसारखे स्निग्ध पदार्थ अधिक होते. एकाच जातीत एवढा फरक!

उष्णतेशी सामना वेगळा. पक्ष्यांना घामग्रंथी नाहीत. शरीराचं तापमान मुळातच ४१ अंश सेल्सियसच्या आसपास. ते आणखी दोन-तीन अंश वाढू दिलं की पाणी न घालवताही उष्णता बाहेर पडते. हवा त्याहून तापली, की धापा टाकून वाफ दवडण्याशिवाय गत्यंतर उरत नाही. म्हणून सावली जीवनावश्यक. बाभळीवर घुमटाकार घरटं, विहिरीच्या भिंतीतली फट, नाहीतर कावळ्यांच्या मोठ्या घरट्याचा तळ: जागा अशाच निवडलेल्या. मध्य आशियातलं साक्सौल हे झुडूप सरपणासाठी तुटतं, तेव्हा सावली आणि घरट्याची जागा एकदमच जाते.

वाढतं तापमान कुठे बोचतं, हे कलहारीतल्या सातभाईंच्या नातलगांवर दिसलं आहे. पारा साडेपस्तीस अंशांपुढे गेला की ते धापा टाकत चरत राहतात, पण रात्री घटलेलं वजन दिवसाच्या खाण्यातून भरून निघत नाही.