घराला रंग द्या, पण पत्रा घासू नका!

१४ एप्रिल जवळ आला की आपल्या वस्त्यांमधून रंगाचा वास दरवळू लागतो. महिन्याच्या खर्चातून चार पैसे बाजूला काढून माणूस निळ्या रंगाचा डबा घरी आणतो. विहाराला रंग, घराला रंग, दारावर पंचशील ध्वज. ही नुसती हौस नाही. ज्यांना गावकुसाबाहेर ठेवले गेले, त्यांनी आपले घर नीटनेटके ठेवून ताठ मानेने जगण्याची ही रीत आहे.

गेल्या जयंतीच्या आधीच्या रविवारी आमच्या गल्लीत असेच काम चालू होते. तरुण मंडळाच्या दोन पोरांनी एका घराच्या माळ्याची पत्र्याची भिंत रंगवायला घेतली होती. एकजण तारेच्या ब्रशने जुना रंग खरवडत होता, दुसरा पॉलिश पेपर मारत होता. राखाडी धूळ खाली उडत होती. खाली पिण्याच्या पाण्याचे पिंप उघडे, शेजारी सुपात तांदूळ निवडणारी एक आजी आणि तिच्या पायाशी खेळणारी दोन लहान मुले. मी पोरांना थांबवले, तेव्हा एकजण म्हणाला, "काका, सिमेंटचीच तर धूळ आहे. आंघोळ केली की जाईल."

त्या पोराला मी दोष देत नाही. तरुणपणी मीही असाच पत्रा कोरडा घासला होता. तेव्हा कोणी सांगितले नव्हते. आज माहीत आहे, म्हणून हा लेख.

सिमेंटच्या पत्र्यात आहे तरी काय?

आपण ज्याला सिमेंटचा पत्रा म्हणतो, तो नुसत्या सिमेंटचा नसतो. सिमेंटला बळकटी यावी म्हणून त्यात ॲस्बेस्टॉस नावाच्या खनिजाचे तंतू मिसळलेले असतात. हे तंतू जळत नाहीत, कुजत नाहीत. पत्रा स्वस्त पडतो आणि टिकतो, म्हणून गरिबाच्या डोक्यावर तोच आला.

पत्रा धड असेपर्यंत हे तंतू सिमेंटमध्ये घट्ट अडकलेले असतात. पत्रा घासला, कापला, फोडला किंवा त्याला भोक पाडले की ते सुटतात. ते इतके बारीक असतात की डोळ्यांना दिसत नाहीत. श्वासाबरोबर फुप्फुसात गेलेले तंतू शरीर सहजी बाहेर टाकू शकत नाही. त्यातून फुप्फुस कडक होऊन दम लागण्याचा आजार होतो, त्याला ॲस्बेस्टोसिस म्हणतात. फुप्फुसाचा कर्करोग होतो. मेसोथेलिओमा नावाचा फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोगही होतो. विडी-सिगारेट ओढणाऱ्याला फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका कितीतरी पटीने वाढतो.

"आजवर कुणाला काय झालं?" असे लोक विचारतात. प्रश्न बरोबर आहे. पण हे कर्करोग दिसायला बहुधा वीस ते चाळीस वर्षे लागतात. आज विशीतल्या पोराने ओढलेली धूळ त्याच्या पन्नाशीत, मुलांच्या शिक्षणाच्या आणि लग्नाच्या वयात समोर येऊ शकते. तेव्हा त्या रविवारची आठवण कोणाला राहणार?

घाबरून पत्रे उचकटू नका

हे वाचून कोणी आजच छप्पर काढायला धावू नये. जागेवर असलेला, न फुटलेला पत्रा फारसा धोका देत नाही. तो हातोड्याने फोडून काढणे जास्त घातक. उलट रंगाने पत्र्याचा पृष्ठभाग झाकला जातो आणि तंतू सुटण्याला आळा बसतो. म्हणजे रंग आपला मित्रच आहे. धोका आहे तो रंगाआधीच्या घासण्यात.

पत्र्यात ॲस्बेस्टॉस आहे की नाही हे नुसते पाहून कळत नाही, ते प्रयोगशाळेतच कळते. म्हणून जुना, राखाडी, नागमोडी किंवा सपाट सिमेंटचा पत्रा असेल तर त्यात ॲस्बेस्टॉस आहे असे धरूनच चालावे.

रंग देण्याची रीत

पहिली गोष्ट, पत्रा पाहा. कडा भुगा झाल्या असतील, हात लावताच पूड येत असेल, पत्रा थरांनी सुटत असेल, तर तो रंगवू नये. तो माहितगार माणसाकडून, ओला करून, अख्खाच्या अख्खा उतरवून घ्यावा. त्या जागी ऐपतीप्रमाणे लोखंडी पत्रा किंवा ॲस्बेस्टॉस नसलेला पत्रा घालावा.

पत्रा धड असेल तर काम असे करावे :

१) लहान मुले, गरोदर बाई, म्हातारी माणसे यांना तेवढा वेळ शेजारी पाठवा. पाणी, धान्य, अंथरुणे झाका. बाहेरची बाजू साफ करताना दारे-खिडक्या बंद ठेवा. खाली प्लॅस्टिकचा कागद अंथरा.

२) तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, पत्ती, ग्राइंडर, ड्रिल यांना हात लावू नका. जोराच्या पाण्याचा पाइपही मारू नका, त्यानेही वरचा थर उखडतो.

३) साबणाचे चार थेंब टाकलेले पाणी फवाऱ्याने हळूहळू मारून पत्रा भिजवा. मग स्पंजने किंवा मऊ फडक्याने पुसा. शेवाळ आणि सुटलेले पापुद्रे ओले असतानाच टिपून घ्या. घट्ट बसलेला जुना रंग तसाच राहू द्या, त्यावरच नवा बसेल. काम होईपर्यंत पत्रा कोरडा पडू देऊ नका.

४) पत्रा पूर्ण वाळला की सिमेंटवर चालणारा, क्षार सोसणारा प्रायमर द्या. त्यावर बाहेरच्या भिंतीचे पाण्यात मिसळणारे इमल्शन दोन हात मारा. सिमेंटमधल्या क्षाराने ऑईल पेंट सुटून पापुद्रे निघतात आणि पुन्हा खरवडण्याची पाळी येते. ब्रश किंवा लांब केसांचा रोलर वापरा.

५) खाली पडलेले झाडूने झाडू नका. ओल्या फडक्याने टिपा. फडके, स्पंज आणि प्लॅस्टिकचा कागद ओला असतानाच दोन पिशव्यांत घालून तोंड बांधा.

६) अंगावरचे कपडे झटकू नका. ते वेगळे भिजवून धुवा. ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यातून आलेल्या नवऱ्याचे कपडे झटकून धुणाऱ्या बायकांनाही हे आजार झाल्याच्या नोंदी परदेशांत आहेत.

तोंडाला बांधलेल्या रुमालाने हे तंतू अडत नाहीत. कोरोनापासून आपल्या ओळखीचा झालेला एन-९५ मास्क रुमालापेक्षा बरा, पण या कामाला पी-१०० किंवा एफएफपी-३ दर्जाचा मास्क लागतो. आणि मास्क लावला म्हणून कोरडे घासायला मोकळीक मिळत नाही, कारण शेजारच्या बाळाच्या तोंडाला मास्क नसतो.

जयंतीच्या लायटिंगसाठी आणि झेंड्याच्या काठीसाठी पत्र्याला भोके पाडण्याची सवयही सोडावी. काठी लाकडी खांबाला किंवा लोखंडी अँगलला बांधावी. फुटके तुकडे मोरीच्या आडोशाला, चुलीला किंवा रस्त्याच्या भरावाला वापरू नयेत. ते ओले करून, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवावेत आणि महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात मंडळाच्या नावाने लेखी अर्ज देऊन त्यांच्या विल्हेवाटीची मागणी करावी. अर्जाची पोच घ्यायला विसरू नये.

छपरावर पाय ठेवू नका

सिमेंटचा पत्रा माणसाचे वजन पेलेलच असे नाही. वरून धड दिसणारा पत्रा पायाखाली एकाएकी फुटतो आणि माणूस थेट खाली येतो. शक्यतो शिडीवरून किंवा परांचीवरून लांब दांड्याच्या रोलरने रंग द्यावा. छपराला मात्र निळ्याऐवजी पांढरा रंग द्यावा असे मी सुचवीन. पांढरा रंग ऊन परतवतो, घर कमी तापते. अहमदाबादेत २०१७ पासून गरीब वस्त्यांच्या छपरांना असा पांढरा रंग देण्याचा कार्यक्रम झाला. भिंत निळी, छप्पर पांढरे. शोभाही वाढेल आणि उन्हाळाही सुसह्य होईल.

रंगारी पोराचा विचार कोण करणार?

आपल्या घराला दोन-चार वर्षांनी एकदा रंग लागतो. पण रंगारी पोरगा रोज नवे घर घासतो. सर्वात जास्त धूळ त्याच्या छातीत जाते, आणि बहुतेक वेळा तो आपल्याच वस्तीतला, आपल्याच नात्यातला असतो. काम लवकर उरकावे म्हणून आपण त्याला घाई करतो. ओल्या रीतीने अर्धा दिवस जास्त लागेल, त्याची मजुरी आपण दिली पाहिजे.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. खाणकामगारांची स्थिती पाहण्यासाठी ते स्वतः कोळशाच्या खाणीत उतरले होते. त्यांनी दिलेल्या घटनेच्या २१ व्या कलमाच्या आधारेच २७ जानेवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात निकाल दिला. आरोग्य हा कामगाराचा मूलभूत हक्क आहे, कारखान्यांनी कामगारांच्या आरोग्याची नोंद किमान ४० वर्षे ठेवावी, आणि आजारी ठरलेल्याला एक लाख रुपये भरपाई द्यावी, असे त्यात सांगितले. पण हे कारखान्यातल्या कामगाराचे झाले. आपल्या गल्लीतल्या रंगारी पोराची नोंद कोण ठेवतो? त्याला कारखाना नाही, हजेरीपट नाही. त्याला आपणच आहोत.

जगातल्या साठहून अधिक देशांनी ॲस्बेस्टॉसवर बंदी घातली आहे. आपल्याकडे १९८६ पासून खाणींना नवे परवाने बंद झाले, तरी परदेशातून माल येतो आणि पत्रे तयार होतात. ही बंदी मागणे हे चळवळीचे काम आहे, ते चालू राहील. तोवर आपल्या घरापुरती बंदी आपण आजच घालू शकतो : कोरडा पत्रा घासायचा नाही.

तथागतांनी कालामांना सांगितले की, रूढी आहे म्हणून किंवा ऐकले म्हणून काही मानू नका, तपासून पाहा. "आजवर असेच करत आलो" हीदेखील एक रूढीच आहे. यंदाच्या जयंतीआधी महिला मंडळाने आणि तरुण मंडळाने विहारात अर्धा तास बसून हा लेख वाचावा. वस्तीतल्या रंगाऱ्यांना मानाने बोलवावे. मंडळाच्या वर्गणीतून दोन फवारे आणि चार चांगले मास्क घ्यावेत, ते घरोघर फिरतील.

आमच्या गल्लीतल्या त्या दोन पोरांनी त्या दिवशी ब्रश खाली ठेवला आणि पाण्याची बादली आणली. आजीने पिंपावर झाकण घातले. भिंत संध्याकाळी झाली नाही, दुसऱ्या दिवशी झाली. पण जयंतीला ती निळीच होती.

जयभीम!