सक्ती कशाची, सवलत कशात

सकाळी साडेपाच. असाइनमेंट तपासायला हीच वेळ. एकदा कॉलेजात पाऊल टाकलं की सलग तासभर कुणी बसू देत नाही.

एम.एस्सी. पहिल्या सेमिस्टरचा रिअल ॲनालिसिस. या आठवड्याचा प्रश्न असा: एक्सचा वर्ग हे फलन सगळ्या वास्तव संख्यांवर कंटिन्युअस आहे, पण युनिफॉर्मली कंटिन्युअस नाही, हे सिद्ध करा. निम्म्याहून अधिक वह्यांत सुरुवात एकच आहे, ‘समजा, डेल्टा ०.१ आहे.’ तिथेच सिद्धता कोसळते. एप्सिलॉन आपण ठरवायचा आणि डेल्टा समोरच्याने द्यायचा. त्याने कितीही बारीक दिला तरी आपल्याला दोन बिंदू शोधून दाखवता आले पाहिजेत. आपणच आपल्या सोयीचा डेल्टा घेतला, तर सिद्ध काहीच होत नाही.

लोहारा तालुक्यातल्या एका मुलीने मात्र नेमकं लिहिलंय. एप्सिलॉन एक घेतला. डेल्टा कोणताही असो. पहिला बिंदू एक भागिले डेल्टा, दुसरा त्याच्यापुढे डेल्टाच्या निम्म्यावर. दोघांतलं अंतर डेल्टापेक्षा कमी. वर्गांमधला फरक मात्र एक अधिक डेल्टाच्या वर्गाचा पाव भाग, म्हणजे एकपेक्षा जास्तच. तिचं इंग्रजी मोडकं आहे, मध्येच एक ओळ मराठीत आहे, क्रियापदं गळालीत. मी पैकीच्या पैकी गुण दिले. तर्काचा क्रम अचूक असेल तर व्याकरणासाठी मी गुण कापत नाही.

तिच्या खालच्या वहीत सुरेख अक्षरात, निर्दोष इंग्रजीत पूर्ण सिद्धता आहे. पुस्तकातून असेल किंवा मोबाइलमधून. शेवटी मदतीची नोंद नाही. त्या वहीवर गुणांच्या जागी ‘फळ्यावर’ एवढंच लिहिलं.

साडेआठ. बसस्थानकावरून चालत येताना फलाटावर आमची तीन-चार पोरं दिसतात. वर्गातली बहुतेक मुलं बाहेरगावची आहेत, कळंब, तुळजापूर, भूम, उमरग्याकडची. गावात मुक्कामी गाडी असेल तर पहाटे ती धरायची, नाहीतर जीपने तालुक्याला येऊन दुसरी एसटी पकडायची. मुलींना एसटीचा मोफत पास बारावीपर्यंतच असतो. पुढे सवलतीचा पास काढावा लागतो. १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं, त्याने दोन मुलींचं एम.एस्सी. टिकलं, असं त्या स्वतः सांगतात. नवरात्रात आणि कोजागिरीला तुळजापूरच्या रस्त्यावर पायी भाविकांची रीघ लागते, वाहतूक वळवतात, आणि पाऊण तासाची वाट दोन तासांची होते.

हे सगळं डोळ्यांपुढे ठेवूनच सेमिस्टरच्या पहिल्या दिवशी मी वर्गाला एक पानभर नियम देतो, मराठीत. विद्यापीठाची ७५ टक्के हजेरीची अट आहे, ती मी मोडू शकत नाही आणि मोडू इच्छितही नाही. पण हजेरी तासाच्या शेवटी घेतो. पहिली पंधरा मिनिटं आदल्या दिवसाच्या उजळणीची असतात. उशिरा आलेल्याने दारात उभं राहून ‘येऊ का सर’ म्हणायचं नाही, गुपचूप येऊन बसायचं. कारण सांगायची गरज नाही. एसटी का चुकली याचा खुलासा वर्गासमोर करायला लावणं हा कुणाही मुलाचा अपमान आहे, असं मी मानतो.

साडेनऊ. स्टाफरूममध्ये ओजेटीचे कागद. नव्या शैक्षणिक धोरणानुसार २०२३-२४ पासून आमच्याकडे पदव्युत्तर वर्गाला दोन वर्षांत ८८ श्रेयांक आहेत, आणि दुसऱ्या सेमिस्टरला चार श्रेयांकांचं प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण. पुण्यात एखादी सॉफ्टवेअर कंपनी मिळेल. धाराशिवच्या गणिताच्या मुलाला कुठे पाठवायचं? पतसंस्था, बँकेची शाखा, साखर कारखान्याचं कार्यालय, फार तर शाळा. गेल्या वर्षी एका मुलाने पतसंस्थेत कर्जफेडीच्या हप्त्यांची गणितं समजून घेतली, चक्रवाढीची सूत्रं स्वतः काढून पाहिली आणि अहवाल मनापासून लिहिला. अशी उदाहरणं घडतात, पण ती घडवून आणायला प्राध्यापकाला दारोदार फिरावं लागतं, आणि त्यातला निम्मा भार तासिका तत्त्वावरचे सहकारी उचलतात. मिळालेल्या तासांचंच मानधन असताना ते हे करतात, हे इथे लिहून ठेवलंच पाहिजे.

सव्वादहा. उजळणी संपली, फळ्यावर प्रमेय: कॉम्पॅक्ट संचावर कंटिन्युअस असलेलं फलन युनिफॉर्मली कंटिन्युअस असतं. वॉल्टर रुडिन यांच्या पुस्तकात ते चौथ्या प्रकरणात आहे. ते पुस्तक १९५३ सालचं, आणि आजही आमच्या मुलांची पहिली मोठी अडचण तेच आहे, कारण रुडिन दोन ओळींमधलं काहीही सांगत नाहीत. त्या दोन ओळींमधलं लिहून आणायचं, हीच माझी असाइनमेंट.

सुरेख अक्षराच्या वहीवाल्याला उठवलं. नियम त्याला माहीत आहे. मदत कुणाचीही घ्या, मित्राची, पुस्तकाची, मोबाइलची. पण लिहिताना एकट्याने लिहा, शेवटी मदत कुणाची ते नोंदवा, आणि विचारलं तर फळ्यावर सांगता आलं पाहिजे.

“एप्सिलॉन कुणी निवडला?”

“आपण, सर.”

“आणि डेल्टा?”

तो थांबला. मागून कुणीतरी कुजबुजलं, त्याला मी हाताने गप्प केलं. फळ्यासमोरची शांतता सहन करायला शिकणं हा या विषयाचाच भाग आहे. मिनिटभराने तो म्हणाला, “डेल्टा कुठलाही येऊ शकतो. म्हणून एक्स त्याच्यावर अवलंबून घेतलाय.” एवढं त्याला कळलं होतं. पुढची बेरीज वर्गाने मिळून केली. गुण दिले. मदतीची नोंद नसल्याबद्दल एक कापला, आणि का कापला ते सर्वांदेखत सांगितलं.

बारा. डबा. तेवढ्यात एका सहकाऱ्याशी नेहमीचा वाद. त्यांचं म्हणणं, “सर, पेपर विद्यापीठ काढतं, तपासतं विद्यापीठ. आपल्या हाती फक्त इंटर्नल. मग पोरांना महत्त्वाचे दहा प्रश्न देऊन मोकळं का होत नाही?” त्यांचा मुद्दा पोकळ नाही. पेपरमध्ये प्रमेयं जशीच्या तशी येतात, पाठ करणारा पास होतो. पण याच मुलाला पुढे सेट किंवा नेट द्यायची असते, आणि तिथे विधान थोडं वाकवून खरं की खोटं विचारतात. पाठांतर तिथे दगा देतं. दहा प्रश्न देऊन आपण त्याला पास करतो आणि त्याच वेळी त्याची पुढची वाट बंद करतो.

मुलांना फळ्यापाशी उभं करण्याची पद्धत माझी नव्हे. अमेरिकेत टेक्सास विद्यापीठात आर. एल. मूर यांनी ती रूढ केली. पुस्तक मिटा, एकमेकांशी बोलू नका, प्रमेय स्वतः सिद्ध करून फळ्यावर मांडा. त्यांच्या हाताखालून थोर गणिती निघाले. वॉल्टर रुडिन यांच्या पत्नी मेरी एलन रुडिन त्यांच्याच विद्यार्थिनी. पण याच मूर यांनी कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना वर्गात घेतलं नाही. विव्हियन मलोन-मेझ यांना त्यांच्या वर्गाचं दार बंद होतं. त्यांनी त्याच विद्यापीठातून १९६६ मध्ये गणितात डॉक्टरेट मिळवली. मी मूर यांचा फळा घेतो, बाकीचं घेत नाही. आमच्या मुलांच्या पदवीवर १४ जानेवारी १९९४ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव आहे. त्या नावाच्या विद्यापीठात शिस्तीच्या नावाखाली कुणाला दाराबाहेर ठेवणं मला जमणार नाही. आणि दारातून आत आलेल्याला कच्चं गणित देणंही जमणार नाही. घरात गणित कळणारं कुणी नाही, शिकवणी नाही, अशा मुलाला पक्कं शिकायला हा एकच वर्ग असतो.

एक ते तीन. बी.एस्सी.चे तास, मग परीक्षा विभागाची बैठक.

साडेतीन. टेबलापाशी शंकांची वेळ. सध्या सोयाबीन काढणी चालू आहे, वर्ग अर्धा रिकामा. भूमकडचा एक मुलगा चार दिवसांनी आला, बोटं काळी पडलेली. “सर, रास झाली काल. असाइनमेंट राहिली.” नियमांच्या पानावर याची तरतूद आहे. सेमिस्टरमधल्या सगळ्यांत कमी गुणांच्या दोन असाइनमेंट मोजतच नाही, त्यासाठी अर्ज नको, कारण नको. त्याच्या दोन्ही संपल्यात, ही तिसरी. म्हटलं, “शनिवारपर्यंत दे. पण फळ्यावर मांडून दाखवायची.” तो हो म्हणाला. मुदत मी वाढवतो, प्रश्न सोपा करत नाही. शेतातून आला म्हणून त्याला सोपा प्रश्न देणं म्हणजे त्याच्या कुवतीबद्दल शंका घेणं, आणि ती शंका मला नाही.

शेवटच्या वर्षाची एक मुलगी एमटीटीएसच्या अर्जाबद्दल विचारून गेली. प्रा. एस. कुमारेसन यांनी १९९३ मध्ये सुरू केलेला तो उन्हाळी गणित प्रशिक्षण कार्यक्रम. घरच्यांना समजावून सांगायचंय, तर फोनवर मी बोलेन म्हटलं. कधी कधी शिफारसपत्रापेक्षा बापाशी झालेलं पाच मिनिटांचं बोलणं जास्त उपयोगी पडतं.

पाच. गाड्यांची वेळ, कॉलेज पाच मिनिटांत रिकामं.

रात्री नऊ. अंतर्गत चाचणीचा पेपर काढायला बसलो. चार प्रश्न. एक प्रमेय सिद्ध करा, एक उदाहरण द्या, एक खरं-खोटं. चौथ्यात एक चुकीची सिद्धता दिलीय, तिच्यातली नेमकी कुठली ओळ चुकली ते दाखवायचं. पोरं याच प्रश्नाला सगळ्यांत जास्त घाबरतात, आणि त्यातच सगळ्यांत जास्त शिकतात.

सव्वानऊला फोनवर लोहाऱ्याच्या मुलीचा निरोप: “सर, एक्सचा वर्ग वर जाताना उभा होत जातो म्हणून युनिफॉर्मली कंटिन्युअस नाही ना? म्हणजे उतार वाढतच गेला की फलन बाद?”

पुस्तकात असा प्रश्न तिला कुणी विचारलेला नाही, तो तिचा आहे. लगेच उत्तर दिलं नाही. लिहिलं, “वर्गमूळ घे. शून्यापाशी त्याचा उतार बघ. मग शून्यापासून पुढे ते युनिफॉर्मली कंटिन्युअस आहे का तपास. उद्या उजळणी तू घ्यायची.”

दहा मिनिटांनी तिचं उत्तर आलं: “सर, उतार तर अमर्याद होतोय. पण फरक लहानच राहतोय. डेल्टा एप्सिलॉनचा वर्ग घेतला तर चालेल का?”

चालेल.