न गंजणाऱ्या पात्याचे पाणी

सुरीची धार टिकेनाशी झाली, की ‘हिला पाणीच नाही’ असे घरोघरी म्हटले जाते. हे पाणी म्हणजे पाते तापवून झटकन थंड केल्याने त्याला येणारी कठीणता. कोयत्याचे साधे पोलाद सुमारे ८०० अंश सेल्सिअसला लाल झाले, लोहचुंबक त्याला चिकटेनासा झाला, की लोहार ते पाण्यात किंवा तेलात बुडवितो. जाणत्या डोळ्याला एवढे पुरते. न गंजणाऱ्या पोलादापुढे मात्र हा डोळा फसतो, आणि हौसेने घरी सुऱ्या करणाऱ्यांची पहिली निराशा बहुधा येथेच होते.

ही निराशा जुनीच आहे. १९१३ साली शेफील्डमध्ये हॅरी ब्रिअर्ली यांनी सुमारे १३ टक्के क्रोमियमचे पोलाद तयार केले. त्यांचे मूळ काम बंदुकांच्या नळ्यांची झीज थांबविण्याचे. पण गाव पडले सुऱ्यांचे! तेव्हा ‘न कापणाऱ्या सुऱ्यांचा जनक’ अशी त्यांची थट्टा झाली.

खोड आहे ती क्रोमियमच्या दुहेरी स्वभावात. ते पृष्ठभागावर अदृश्य पापुद्रा धरून गंज रोखते, तसेच आतील कर्बाला आपल्याशी जखडूनही ठेवते. तो कर्ब सुटून पोलादात विरघळल्यावाचून पाणी चढत नाही. आणि ही गाठ ८०० अंशांना पुरेशी सुटत नाही. दाढीच्या पात्यांसाठी निघालेले, सुमारे ०.६७ टक्के कर्ब व १३ टक्के क्रोमियमचे एक पोलाद हौशी कारागिरांना प्रिय आहे. त्याला १०५० ते १०८० अंश लागतात. उष्णता कमी पडली तर पाते मऊ राहते हे उघडच आहे. नवल असे, की ती फार झाली तरी पाते मऊच राहते. कर्ब प्रमाणाबाहेर विरघळला, की थंड होताना पोलादाची घडण पुरती पालटत नाही. म्हणून येथे तापमापक लावलेली विजेची भट्टीच हवी.

एवढ्या उष्णतेत उघडे पाते करपते व वरच्या थरातला कर्ब उडून जातो. यासाठी ते स्टेनलेसच्या पातळ पत्र्यात घट्ट गुंडाळतात. (या पत्र्याची कड हात कापते, हातमोजे हवेतच.) दहा-पंधरा मिनिटांनी पुडी बाहेर काढून ॲल्युमिनियमच्या दोन जाड पाटांमध्ये दाबली, की पाते सरळ राहून लवकर निवते. पाण्याची गरज नाही. नाव तेवढे पाण्याचे!

आता पाते कठीण असते, पण काचेसारखे ठिसूळ. ते १७५ ते २०० अंशांवर दोन-दोन तास, दोनदा ठेवावे. घरातील भाजणीची ओव्हन याला चालते, मात्र तिच्या आकड्यावर विसंबू नये. आत निराळा तापमापक ठेवावा. ४५० अंशांच्या वर नेल्यास क्रोमियम पुन्हा कर्बाशी गुंतते आणि गंज शिरकाव करतो.

ताट-वाटीच्या स्टेनलेसवर मात्र हा खटाटोप करू नये. १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेलचे ते पोलाद कितीही तापविले, तरी त्याला पाणी चढत नाही.