उष्णता-ध्वनिकी

उष्णता-ध्वनिकी : ध्वनितरंग व उष्णता यांच्या परस्पर परिणामांचा अभ्यास करणारी भौतिकीची शाखा. ध्वनितरंग वायूतून जाताना संपीडनाच्या जागी वायू किंचित तापतो, तर विरलनाच्या जागी थंड होतो. नेहमीच्या बोलण्यात हा बदल सु. ०·०००१° से., तर कानठळ्या बसविणाऱ्या ध्वनीतही सु. ०·०२° से. इतकाच असल्याने तो जाणवत नाही. मात्र बंद नळीतील दाबयुक्त वायूत तीव्र ध्वनी निर्माण केल्यास उष्णता थंड भागाकडून उष्ण भागाकडे नेता येते.

यासाठी नळीत पातळ पट्ट्यांची चळत बसवितात. वायूचा प्रत्येक लहान भाग पट्टीलगत मागेपुढे हेलकावतो. एका टोकाला तो दाबला जाऊन तापतो व पट्टीला उष्णता देतो. दुसऱ्या टोकाला प्रसरण पावून थंड होतो व पट्टीकडून उष्णता घेतो. आग विझविताना रांगेतील माणसे बादल्या हातोहात पुढे देतात, त्याप्रमाणे हे भाग उष्णता पुढे सरकवितात. परिणामी चळतीचे एक टोक थंड व दुसरे उष्ण होते.

याउलट, चळतीच्या टोकांतील तापमानांत पुरेसा फरक ठेवल्यास ध्वनी आपोआप निर्माण होतो. तप्त फुग्याला जोडलेल्या नळीतून नाद उमटतो, हे काच फुंकणाऱ्या कारागिरांना ठाऊक होते. सी. झोंडहाउस यांनी १८५० मध्ये त्याचा अभ्यास केला. संपीडनाच्या क्षणी वायूला उष्णता मिळाल्यास व विरलनाच्या क्षणी ती निघून गेल्यास कंपने बळावतात, असे स्पष्टीकरण लॉर्ड रॅली यांनी १८७८ मध्ये दिले.

विद्युत् निरोधक घन पदार्थांत उष्णतेचे संवहन मुख्यत्वे स्फटिकजालकातील अतिउच्च वारंवारतेच्या कंपनतरंगांमुळेच होते. या तरंगांच्या ऊर्जापुंजांना फोनॉन म्हणतात. घन दांड्यातही तापमानातील फरकामुळे ध्वनिकंपने आपोआप उद्‌भवू शकतील, असे अमेरिकेतील संशोधकांनी २०१८ मध्ये सैद्धांतिक रीत्या दाखविले.

ध्वनीवर चालणारे एक प्रशीतक १९९२ मध्ये ‘डिस्कव्हरी’ या अवकाशयानातून नेण्यात आले होते. याच्याशी निकटचा संबंध असलेल्या स्पंद-नलिका शीतकांवर मुंबईच्या भारतीय तंत्रविद्या संस्थेत संशोधन झाले आहे. अशा साधनांत हीलियमासारखा निरुपद्रवी वायू वापरतात व थंड भागात हलणारे भाग नसतात. ती वाया जाणाऱ्या उष्णतेवरही चालविता येतात. उन्हाळ्यात तापमान ४०° से.च्या वर जाणाऱ्या परभणीसारख्या जिल्ह्यात लशी व दूध टिकविण्यासाठी हे गुण मोलाचे ठरतील; मात्र घरगुती प्रशीतकाच्या तुलनेत कमी असलेली कार्यक्षमता ही त्यांची मुख्य मर्यादा आहे.