शर्यत संपते, गाडी थांबत नाही

पोलादाच्या सळया बनवणाऱ्या जालना एमआयडीसीतला सरळ रस्ता पाहून मोटरसायकलची शर्यत लावण्याचा मोह मुलांना होऊ शकतो. लोणावळ्याजवळ अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर अशा सरळ शर्यती झाल्याही आहेत. या शर्यतीचे रूढ अंतर पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर. मग रस्त्यावर काय बिघडते? आपण हिशोबच करू.

समजा, मोटरसायकलने हे अंतर १६ सेकंदांत कापले. सरासरी वेग झाला सेकंदाला सुमारे २५ मीटर. पण सुरुवात शून्यापासून असल्याने शेवटचा वेग याहून बराच जास्त असतो. तो सेकंदाला ३६ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १३० किलोमीटर धरू. ब्रेक लावल्यावर हा वेग दर सेकंदाला ७ मीटरने घटला, तर गाडी थांबायला ९३ मीटर लागतील. रस्त्यावरच्या वाळूने घर्षण निम्मे झाले, तर १८५. ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद गेला, तर आणखी ३६.

धावपट्टीवर हे अंतर मोकळे राखलेले असते. कारखान्यांच्या रस्त्यावर तिथेच सळयांचा ट्रक वळत असतो.

वेग निम्मा केला, तर ९३ मीटरचे किती होतील? विद्यार्थ्यांनाच काढू द्यावे. उत्तर निम्मे नाही, पाव येईल.